लोहियांना सत्तेचं वावडं होतं का?

तुम्ही विचारलंय, समाजवादी नेते राममनोहर लोहिया लोकमताचा एवढा जप करायचे, मग स्वतःच्या पक्षाचं सरकार पाडायला का निघाले? सत्तेचं वावडं होतं का?

छे. १९६२ साली फुलपुरात थेट नेहरूंसमोर उभा राहिलेला माणूस तो.

तुमचा रोख १९५४ वर दिसतोय. त्रावणकोर-कोचीनमध्ये, म्हणजे आजच्या केरळाकडच्या राज्यात, प्रजा समाजवादी पक्षाचे पट्टम थानू पिल्लै मुख्यमंत्री झाले होते. आमदार जेमतेम १९, टेकू काँग्रेसचा. ऑगस्टमध्ये तिथल्या तमिळभाषक भागात पोलिसांनी आंदोलकांवर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. लोहिया पक्षाचे सरचिटणीस, पण त्या वेळी नैनीच्या तुरुंगात. उत्तर प्रदेशात वाढीव पाणीपट्टीविरुद्ध बोलल्याबद्दल त्यांना धरलं होतं. त्यांनी आतूनच आपल्या सरकारचा राजीनामा मागितला. काँग्रेसनं गोळीबार केला की आपण राजीनामा मागतो, मग आपल्याला वेगळा न्याय का, एवढाच सवाल. नोव्हेंबरात नागपूरच्या अधिवेशनात पक्षानं बहुमतानं सरकारचीच बाजू घेतली. वर्षभरात पक्ष फुटला.

लोहियांचं सूत्र होतं फावडा, मत आणि तुरुंग; म्हणजे विधायक काम, निवडणूक आणि सत्याग्रह. मत या तिघांतलं फक्त एक. एकदा शिक्का मारला की लोकांनी पाच वर्षं तोंड मिटून बसावं, हे त्यांना मान्यच नव्हतं. १९६३ साली लोकसभेत गेल्या गेल्या त्यांनी तीन आण्यांचा हिशेब मांडला: देशातली २७ कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारचा आकडा पंधरा आणे होता. वाद गाजला. पण एरवी सभागृहात कोण बोलत होतं आण्यांत?

१९६७ मध्ये मात्र माझ्या मते त्यांचा अंदाज चुकला. काँग्रेसला निम्मी मतं कधीच मिळत नाहीत, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं; म्हणून सगळ्या विरोधकांनी एकत्र यावं, असं त्यांचं म्हणणं. पण विरोधातली सगळी मतं एकाच बाजूची नसतात! बिहारमध्ये तर त्यांच्याच पक्षाचे खासदार बी. पी. मंडल राज्यात मंत्री होऊन बसले. लोहियांचा विरोध त्यांनी जुमानला नाही, पुढे पक्ष फोडून थोडे दिवस मुख्यमंत्रीही झाले. ते बघायला लोहिया नव्हते.

आमचे वडील राष्ट्र सेवा दलातले, समाजवादी नेते एसेम जोशींच्या बाजूचे. लोहियांचं नाव निघालं की चष्मा काढून पुसत बसायचे, 'पक्ष फोडला त्यानं' म्हणायचे. मग कुणीतरी १९५५ चा विषय काढायचं. नागपूरनंतर वर्षभरानं मुंबईत फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर मुख्यमंत्री मोरारजींच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तेव्हा राजीनामा मागणाऱ्यांत वडीलही होते. चष्मा मग बराच वेळ पुसला जायचा.