शाळा सुरू झाली, पण मूल जायला तयार नाही

"सगळ्यांची मुलं शाळेत जायला लागली. आमची मात्र सकाळचे आठ वाजले की पोट धरून बसते. रविवारी काही नसतं. हे ढोंग आहे का? मारूनमुटकून पाठवू का?"

कोरोनात बंद पडलेल्या शाळा ऑक्टोबर २०२१मध्ये टप्प्याटप्प्याने उघडल्या, तेव्हा कोकणातले पालक हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत होते. ढोंग नसतं, पोट खरंच दुखत असतं. मारूनमुटकून पाठवणं उपयोगाचं नाही. "तिला वाटेल तेव्हा जाईल" म्हणून वाट बघत बसणं त्याहून घातक, कारण घरी काढलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीचं जाणं अवघड करतो. परत जायचं ते पायऱ्यापायऱ्यांनी, आणि उद्याची पायरी कोणती हे आदल्या दिवशीच ठरलेलं असायला हवं. सकाळच्या रडण्यावर ते ठरता कामा नये.

एक उदाहरण तपशिलात बघू. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्या आहेत. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतली दहावीतली मुलगी. वडील मुंबईला नोकरीला, घरात आई, धाकटा भाऊ आणि मधुमेह असलेली आजी. आजोबा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाली तेव्हा ती आठवीत होती. जूनमध्ये निसर्ग वादळाने कौलं उडवली, कित्येक दिवस वीज नव्हती, मग ऑनलाइन वर्ग कुठला? २३ नोव्हेंबर २०२०पासून नववी ते बारावीचे वर्ग भरवायला परवानगी मिळाली, पण पालकांचं लेखी संमतिपत्र लागायचं आणि या घराने ते दिलं नाही. जुलै २०२१मध्ये कोरोनामुक्त गावांतल्या शाळा उघडायचं ठरलं, त्यात तिचं गाव बसलं नाही. ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले तेव्हा तिला वर्गात बसून दीड वर्ष उलटलं होतं. पहिल्या दिवशी ती गेली. शाळेच्या दुसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर उलटी झाली आणि ती घरी परतली. पुढचे दोन आठवडे घरीच.

अशा वेळी समुपदेशनाच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. ताप, जुलाब, लघवीची जळजळ, पाळीचा त्रास हे डॉक्टरांनी बघायला हवं, आणि हिमोग्लोबिन तपासायला हवं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्या काळात कित्येक मुलींची सुटली होती. या मुलीचं हिमोग्लोबिन १०च्या आत होतं. या वयात ते किमान १२ लागतं. दम लागणं, धडधडणं, घेरी येणं ही अशक्तपणाची लक्षणं भीतीच्या लक्षणांशी इतकी मिळतीजुळती असतात की एकावर उपचार करून दुसरं तसंच ठेवलं तर काहीच हलत नाही. तिला गोळ्या सुरू झाल्या. पोटात दुसरं काही निघालं नाही.

दुखण्याचं वेळापत्रक मात्र बोलकं होतं. आठला सुरू, साडेनऊची गाडी गेली की ओसरायला लागतं, अकरापर्यंत साफ. सुट्टीच्या दिवशी नाही. अशा वेळी "शाळेला का जात नाहीस?" या प्रश्नाला मुलं "माहीत नाही" म्हणतात आणि ते खरंच असतं. प्रश्न बारीक करावे लागतात. वाट, गाडी, फाटक, वर्ग, फळा, डबा, परत घरी येणं, या प्रत्येकाला शून्य ते दहामध्ये भीतीचे किती गुण द्यायचे? तिने एसटीला ३, फाटकाला ५, वर्गात बसायला ६, मास्क काढून डबा खायला ७ आणि शाळेतून घरी येऊन आजीसमोर जायला ९ गुण दिले. आईला वाटत होतं मुलगी अभ्यासाला घाबरते. मुलगी घाबरत होती ती आजोबांनंतर आता आजीलाही आपल्यामुळे काही होईल म्हणून.

हे कळल्यावर "काही होत नाही गं" असं सांगून भागत नाही. धोका कमी करण्याचं जे खरोखर हातात आहे ते ठरवून करायचं, आणि तिथेच थांबायचं. आजीचे लशीचे दोन डोस झाले होते आणि दुसऱ्याला १४ दिवसांहून जास्त काळ लोटला होता. घरी आल्यावर चपला बाहेर, मास्क धुवायला, साबणाने निदान २० सेकंद हात, कपडे बदलायचे, संपलं. संध्याकाळी आजीशी गप्पा मारायच्या त्या माजघरात कोंडून बसून नाही, पडवीत. हवा खेळती असली की हा आजार पसरायला कमी वाव मिळतो, आणि कोकणातल्या घरांना पडवीची सोय आयतीच असते.

थांबायचं कुठे, हे जास्त महत्त्वाचं. ही मुलगी आजीच्या बोटाला दिवसातून दहा-पंधरा वेळा ऑक्सिमीटर लावायची. आकडा ९७ दिसला की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा शंका. तपासल्याने भीती जात नाही, पुन्हा तपासायची सवय वाढते. म्हणून ठरलं की ऑक्सिमीटर दिवसातून एकदा, रात्री जेवणाआधी, आणि तोही आई लावेल. "आजी, तुला बरं वाटतंय ना?" हा प्रश्नही एकदाच. आजीने स्वतः तिला सांगितलं, "माझ्यासाठी घरात बसू नको गो बाय." ते वाक्य कुणाही समुपदेशकाच्या बोलण्यापेक्षा जास्त कामी आलं. घरात अशी वडीलधारी व्यक्ती असेल तर तिला या बोलण्यात जरूर घ्या.

मग पायऱ्या. पहिली, गणवेश घालून, दप्तर घेऊन एसटी थांब्यावर १५ मिनिटं उभं राहायचं आणि घरी यायचं. दुसरी, शाळा सुटल्यावर मोकळ्या आवारात जाऊन २० मिनिटं बसायचं. तिसरी, शाळेच्या वेळेत ग्रंथालयात ४५ मिनिटं. चौथी, वर्गात पहिले दोन तास. पाचवी, मधल्या सुट्टीपर्यंत. सहावी, एका ठरलेल्या मैत्रिणीबरोबर आवारातल्या झाडाखाली डबा. सातवी, पूर्ण वेळ. प्रत्येक पायरी निदान तीनदा करायची, आणि भीतीचे गुण दोनाने तरी उतरले की पुढची घ्यायची. पायरी झेपली नाही तर मागे जायचं नाही, तीच अर्धी करायची. दोन तास नाही जमत तर एक तास.

एका नियमाबद्दल आम्ही फार आग्रही असतो. परत यायची वेळ घड्याळ ठरवेल. ४५ मिनिटं ठरली असतील तर विसाव्या मिनिटाला रडू आलं तरी पंचेचाळिसाव्यालाच निघायचं, आणि खूप छान वाटलं तरी त्या दिवशी तेवढंच. भीती टोकाला असताना मूल घरी आलं तर त्याचं मन एवढंच शिकतं की पळालो म्हणून वाचलो. थोडा वेळ तिथेच थांबलं तर भरती उतरावी तशी ती आपोआप उतरते, आणि हे स्वतः अनुभवल्याशिवाय सांगून पटत नाही. तोवर करायला एक काम द्यावं: चार अंक मोजत नाकाने श्वास आत, सहा अंक मोजत बाहेर, पाच मिनिटं. मास्कमध्ये जोरजोरात श्वास घेतले की चक्कर येते आणि मुलं ती आजाराची समजतात, म्हणून भर बाहेर सोडण्यावर.

आता दिवसाआडच्या शाळेबद्दल, कारण बहुतेक घरांची गाडी इथेच अडली. कोरोनामुक्त गावांसाठीच्या जुलैच्या नियमांत एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर आणि वर्गात १५ ते २० मुलं, एवढंच बसत होतं. साहजिकच ऑक्टोबरमध्येही पुष्कळ शाळांनी वर्गाचे दोन गट केले. आज हा गट, उद्या तो. आजाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. घाबरलेल्या मुलाला मात्र हा कार्यक्रम फसवतो. सोमवारी धीर करून जायचं, मंगळवारी घरी सुटल्यासारखं वाटायचं, बुधवारी सकाळी पुन्हा पहिल्यापासून. भीती उतरायला लागोपाठचे दिवस लागतात, आणि इथे दर एका दिवसानंतर सुटका समोर ठेवलेली. पालकांना मात्र वाटतं, एक दिवसाआडच तर जायचंय, हिला सोपं जायला हवं.

म्हणून शाळा नसलेला दिवस मोकळा सोडायचा नाही. या मुलीच्या बाबतीत ठरलं ते असं: मंगळवार-गुरुवार-शनिवारीही शाळेच्याच वेळेला उठायचं, आंघोळ, नाश्ता, साडेनऊला दप्तर घेऊन घराबाहेर. थांब्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून वाडीतल्या वर्गमैत्रिणीच्या पडवीत साडेदहा ते साडेबारा अभ्यास. फोन त्या वेळात आईकडे. नवी पायरी सोमवारी कधीच घ्यायची नाही, कारण रविवार मध्ये गेलेला असतो. ती बुधवारी घ्यायची. मुख्याध्यापक तयार असतील तर अशा मुलाला पहिले दोन आठवडे दोन्ही गटांच्या दिवशी येऊ द्यावं. एक बाक जास्तीचा लागतो, पण मूल लवकर रुळतं.

शाळेकडून मागायच्या गोष्टी थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. वर्गशिक्षकांपैकी एकानेच फाटकाशी भेटायचं. जागा दाराजवळ, खिडकी उघडी. भीती वाढली तर मुलीने वहीवर ठरलेलं कार्ड ठेवायचं, मग पाच मिनिटं व्हरांड्यात आणि परत वर्गात, घरी नाही. आणि वर्गात कुणीही "इतके दिवस कुठे होतीस?" विचारायचं नाही. "आल्या बघा पाहुण्या" यासारखं एक हलकं वाक्य तीन आठवड्यांची मेहनत वाया घालवू शकतं, मग बोलणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

घरी सकाळी चर्चा नको. ताप १००.४च्या वर, उलट्या, जुलाब किंवा नवा खोकला यांपैकी काही असेल तर घरी, आणि नुसतं पोटात दुखत असेल तर ठरलेली पायरी. हा कागद आईने दारामागे चिकटवला. त्यामुळे रोज नवा वाद घालावा लागला नाही. घरी राहायची वेळ आलीच तर तो दिवस आजारपणाचाच हवा: अंथरूण, पेज, पुस्तक. मोबाइल आणि टीव्ही शाळा सुटायच्या वेळेनंतर. वडील मुंबईहून फोनवर "गेलीस तर नवा मोबाइल" म्हणायचे, ते थांबवलं. आमिष मोठं असलं की न जमण्याची लाजही तेवढीच मोठी होते. थांब्यावर सोडायला आईऐवजी काका जायला लागले, कारण आईचा हात सोडताना दोघींच्याही डोळ्यांत पाणी यायचं. झोपेची वेळ रात्री एकवरून साडेदहावर आणायला दर दोन दिवसांनी १५ मिनिटं मागे, असे जवळपास तीन आठवडे लागतात. एका रात्रीत ती येत नाही.

अभ्यासाची भीती मागाहून वर आली. दीड वर्ष लिहायची सवय मोडलेली, दहा मिनिटांत बोटं दुखायची, आणि दहावीचा ८० गुणांचा पेपर लिहायचा. रोज दहा मिनिटं सलग लेखन, दर तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढ. मंडळाने अभ्यासक्रम २५ टक्के कमी केलेलाच होता. वगळलेल्या भागांची यादी शिक्षकांकडून घेऊन पुस्तकात खुणा केल्यावरच निम्मी धडधड थांबली. पुढे मंडळाने त्या पेपरला अर्धा तास जास्त दिला आणि परीक्षा स्वतःच्याच शाळेत ठेवली, तेही उपयोगी पडलं.

दिवाळीपर्यंत ती मधल्या सुट्टीपर्यंत बसायला लागली होती. सुट्टी संपली तेव्हा एसटीचा संप सुरू होता. मुलींना एसटीचा पास मोफत असतो. आता सहा आसनी रिक्षाला रोज पैसे, शिवाय आत दाटीवाटी. गाडी नाही हे घरी राहायला अगदी सयुक्तिक कारण होतं, आणि म्हणूनच धोकादायक. अशा खंडानंतर सगळं मुसळ केरात असं समजू नये. दोन पायऱ्या खाली उतरून सुरू करावं, दुसऱ्यांदा चढायला निम्मा वेळही लागत नाही. वाडीतल्या चार पालकांनी मिळून एक रिक्षा ठरवली, खिडक्यांचे पडदे वर, सगळ्यांना मास्क. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती पूर्ण वेळ बसू लागली. ३ जानेवारी २०२२पासून १५ ते १८ वयाच्या मुलांना लस मिळायला लागली तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात घेतली. त्याच महिन्यात शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ तारखेपासून उघडू लागल्या, पण तोवर थांब्यावरचा आणि पडवीतला कार्यक्रम चालू ठेवल्याने नवी गाठ बसली नाही.

हे सगळं कुठे पुरत नाही तेही सांगायला हवं. मूल जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, जेवण तुटून वजन उतरत असेल, गेलेल्या माणसाबद्दल स्वतःला दोष देत रात्र-रात्र जागत असेल, किंवा दोन आठवडे प्रयत्न करूनही पहिली पायरी हलत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नका. जिल्हा रुग्णालयात ती सोय आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण तपासणी होते, तिथे जाणं म्हणजे भरती होणं नव्हे. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे.

दहावीनंतर हेच मूल अकरावीला नव्या आवारात जातं, तेव्हा पहिल्या दिवसाच्या आधी दोनदा मोकळ्या वेळी तिथे नेऊन आणा: एकदा नुसतं आवार बघायला, एकदा वर्ग, पाण्याची जागा आणि स्वच्छतागृह बघायला. कुठल्या गाडीने जायचं आणि गाडी चुकली तर काय, हे कागदावर लिहून दप्तरात ठेवा. गणपती, दिवाळी आणि मे महिन्यानंतरचे पहिले तीन दिवस काका किंवा आजी थांब्यापर्यंत सोबत जातील असं आधीच ठरवून ठेवा.