निळ्या ठिपक्यांचं पाणी

पुणे

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला अहवाल वाचला; त्यातला उपग्रहचित्रांवरून काढलेला पुरंदर तालुक्यातल्या पाण्याचा नकाशा तीनदा उघडून पाहिला. मेहनत दिसते. पण ऐन मार्चमध्ये शिवारात निळे ठिपके वाढले, म्हणजे ‘पाण्याची उपलब्धता वाढली’, हे वाक्य वाचून थबकलो. कारण ते मीही एकदा लिहिलंय. नुसतं लिहिलं नाही, तर तिथल्याच एका गावच्या ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावून वाचून दाखवलंय. मागून एक आजी म्हणाली, “आवो सायेब, ते आमच्याच हिरीतलं पाणी हाय. मोटार लावून वर काढलंय.”

शेततळी! प्लास्टिकचा कागद अंथरलेली, अंजिराच्या बागा जगवायला विहिरी-बोअर उपसून भरलेली. सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवलं होतं आणि मी त्याला नवं पाणी म्हणत होतो. उपग्रहाने मला फसवलं नव्हतं. त्याने पृष्ठभाग दाखवला, बाकीचं मी जोडलं.

म्हणून आधी हे विचार, की या उपग्रहाला नेमकं दिसतं काय? सेंटिनेल-२ ला परावर्तित प्रकाश दिसतो. उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णी पसरली की तिथे त्याला हिरवळ दिसते, आणि तुझं गणित तेवढं धरण कोरडं ठरवतं. पावसाळ्यात तर ढगच आडवे येतात. तेव्हा रडार घे, त्याला ढगांआडूनही दिसतं. सेंटिनेल-१ आहे, शिवाय २०२५ च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार आहे. आणि क्षेत्रफळ म्हणजे साठा नव्हे. उजनीच्या ११७ टीएमसीतलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठ्यातच, म्हणजे उपयुक्त साठ्यात न धरलेल्या तळच्या पाण्यात जातं. बातम्यांत ‘उजनी वजा’ येतं तेव्हाही पाण्याचा भलामोठा पसारा वरून दिसतच असतो.

ग्रेस उपग्रहांबद्दल तू फार भारावून लिहिलंयस. भारावण्यासारखंच आहे ते. एकमेकांत सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागोमाग धावणारे दोन उपग्रह. खाली वस्तुमान बदललं की त्यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीहूनही कमी बदलतं आणि ते मोजता येतं. राजस्थान, पंजाब, हरियाणात २००२ ते २००८ दरम्यान सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल घटल्याचं त्यातूनच कळलं. पण त्याची नजर तीन-चारशे किलोमीटरची. अख्ख्या महाराष्ट्राच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन चौकोन येतात; त्यात तुझा तालुका शोधणं म्हणजे ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर कोथिंबिरीची जुडी ठेवणं. शिवाय धरणातलं, मातीतलं, भूगर्भातलं असं सगळं पाणी त्यात एकत्र तोललं जातं.

राहिलं जमीन खचण्याचं. गाळाच्या प्रदेशात उपसा झाला की थर दबतात आणि रडारला मिलिमीटरांत खचलेली जमीन कळते. आपल्याकडे बेसाल्ट, काळा कातळ. पाणी मुरमात नि भेगांत; ते संपलं तरी कातळ तसा दबत नाही. गुजरातेतल्या गाळाची पद्धत इथे लावलीस तर विहीर तळाला गेली तरी आलेख सपाटच येईल. ते प्रकरण काढून टाक, वाईट वाटून घेऊ नकोस.

त्याऐवजी वीस विहिरी निवड. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदी घे आणि शेजारी आपल्या नोंदी ठेव. मोजताना कठड्याची उंची वजा करायला विसरू नकोस, आणि मोटार कधी बंद केली ते विचारल्याशिवाय टेप सोडू नकोस. नुकत्याच उपसलेल्या विहिरीची पातळी खोटी असते. रात्री लाईट होती का, तेही विचार. प्रत्येक शेततळ्यापुढे एक रकाना कर, ते कशातून भरलं? तो रकाना उपग्रह भरणार नाही.

रविवारी स्वारगेटहून सासवडची पहिली बस पकडू. टेप तुझी आण. माझीचा पहिला मीटर तुटलाय, दर मापाला एक वजा करावा लागतो, आणि या वयात मी तो दोनदा वजा करतो.

तुझा,
सर