नाडी अडखळते म्हणजे मशीन बिघडलं असं नाही, पण कार्ड आधी शोधा

"बाबांना पेसमेकर बसवून दोन महिने झाले, तरी नाडी अडखळते, मशीन बिघडलं का?" हे वाचलं आणि माझंच 2016 साल आठवलं. रात्री दोन-दोन वाजता मनगट धरून बसायचो.

बहुतेक बिघडलेलं नसावं. हे यंत्र ठोके ठरलेल्या आकड्याखाली जाऊ देत नाही, एवढंच. वरच्या कप्प्यांची फडफड, ज्याला डॉक्टर एएफ म्हणतात, ती काही त्याने थांबत नाही. बाबांना तेच असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर 'आता मशीन आहे ना' म्हणून ती परस्पर बंद करू नका. गुठळीची भीती तशीच राहते. मी डॉक्टर नाही. चक्कर आली, दम लागला तर इथे विचारत बसू नका, उठा आणि निघा.

माझी घोडचूक वेगळीच. डिस्चार्जला एक छोटं कार्ड मिळालं होतं, मशीनचे आणि वायरींचे नंबर असलेलं. ते शर्टाच्या खिशात घालून फिरलो. राजापुरातला जुलैचा पाऊस, छत्रीला कोण विचारतो! घरी येऊन बघतो तर नुसता लगदा. दोन वर्षांनी कंबरेचा एमआरआय सांगितला, तेव्हा पहिला प्रश्न, "मॉडेल कुठलं?" सगळीच मशिनं एमआरआयला चालत नाहीत, वायरीही तशाच लागतात.

मग जिथे बसवलं तिथल्या रेकॉर्ड विभागात (नाव घेत नाही) अणुस्कुरा घाट चढून तीन फेऱ्या. "अर्ज द्या." "फाइल गोडाऊनला आहे." "साहेब रजेवर." खिडकीतल्या बाई मान वर न करता शेंगा सोलत होत्या, खोटं नाही सांगत. वाट दाखवली ती इथल्या एक्स-रेवाल्या पोराने. छातीच्या फिल्मवर मशीनमधली बारीक खूण-अक्षरं दिसतात, त्यावरून कंपनी आणि मॉडेल ओळखता येतं. कंपनीला फोन केला, वायरींचा तपशीलही तिथेच निघाला. तीन फेऱ्यांचं एसटीभाडं मात्र गेलं ते गेलंच.

तेव्हा कार्डाचे फोटो आजच काढा, घरातल्या दोघांच्या मोबाइलवर ठेवा. तपासणीला निघण्याआधी फोन करून विचारा, तुमच्या कंपनीचा प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकर तपासायचं यंत्र, तिथे आहे का. एका कंपनीचा दुसरीच्या मशिनला चालत नाही, आणि घाट चढल्यावर ते कळून काय उपयोग?

इंडक्शन शेगडीपासून मात्र मी दोन फूट लांब राहतो. आमच्या हिच्या मते चहा न करायला आयतं निमित्त मिळालंय.