कोड येत नाही, तरी चालेल का?

प्रश्न : मी निवृत्त लेखनिक. लिब्रेऑफिस हे पत्रं, तक्ते करायचं मोफत, मुक्त सॉफ्टवेअर रोज वापरतो. प्रोग्रामिंग येत नाही. तरी या प्रकल्पाला हातभार लावता येईल का?

उत्तर : बेलाशक! तिथे आलेल्या बिघाडांच्या तक्रारी निवडायला माणसं लागतातच. नवी तक्रार बगझिलात, म्हणजे प्रकल्पाच्या ऑनलाइन तक्रारवहीत, ‘अनकन्फर्म्ड’ (खातरजमा न झालेली) म्हणून पडते. ती दुसऱ्या कुणीतरी आपल्या संगणकावर घडवून पाहायची; घडली तर ‘न्यू’, म्हणजे पक्की. स्वतःची तक्रार स्वतःच पक्की करायची नाही, हा दंडक मला फार आवडतो.

‘मराठी फाइल बिघडते’ एवढंच कुणी लिहिलं, तर चिडू नका. आवृत्ती कोणती, विंडोज की लिनक्स, नमुना फाइल आहे का, विचारा आणि ‘नीडइन्फो’ (माहिती हवी) हा शेरा लावा. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ पीडीएफमध्ये फुटला, हे मराठी डोळ्यांनाच पटकन दिसतं. मग तीच फाइल जुन्या आवृत्तीत उघडा. तिथे ठीक दिसली, तर बिघाड नंतर शिरलाय. प्रोग्रामरचं निम्मं काम झालं म्हणा. आधी जुन्या तक्रारी मात्र चाळा, तीच रड दहादा आलेली असते.

आणि हो, जोडलेली फाइल सगळ्या जगाला दिसते. कुणाचं पेन्शनचं पत्र चढवू नका.