पहिली मॅरेथॉन जानेवारीत आहे, तर डिसेंबरमध्ये क्रॉस-कंट्री धावावी का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कळव्याला राहता, वय ३६, हाफ मॅरेथॉन (२१ किलोमीटर) २ तास ५ मिनिटांत होते. जानेवारीत मुंबईला पहिली फुल, म्हणजे ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन, धावायची आहे आणि क्लबनं डिसेंबरमधल्या दोन क्रॉस-कंट्री (शेतामाळावरून धावायच्या) शर्यतींत तुमचं नाव घातलंय, एक पहिल्या रविवारची, दुसरी शेवटच्या. धावू की लाँग रनकडे, आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावेकडे, लक्ष देऊ, हा तुमचा प्रश्न.

पहिली धावा, दुसरी सोडा. मी ठाण्यातल्या एका क्लबकडून सहा हिवाळे हे दोन्ही करत आले आहे, आणि एका वर्षी मेळ चुकल्यामुळे हातातली मॅरेथॉन घालवलीही आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रस्त्यावर पळणारे बरेच जण क्रॉस-कंट्रीला ‘मातीतली दहा के’, म्हणजे मातीतली दहा किलोमीटरची शर्यत, समजतात. मीही समजत होते. माझी पहिली शर्यत मुरबाडच्या बाजूला होती. भात कापून झालेली खाचरं, त्यांचे बांध, मधून बैलगाडीची वाट, शेवटी कोरड्या ओढ्याचा चढ. दोन किलोमीटरची फेरी, चार वेळा. गवतावर दव होतं, पण खालची जमीन वाळून दगड झालेली, आणि धसकटं बुटाच्या तळव्याला टोचत होती. पहिला किलोमीटर मी माझ्या नेहमीच्या दहा केच्या पेसनं (एका किलोमीटरला लागणाऱ्या मिनिटांच्या हिशोबानं) गेले. दुसऱ्या फेरीतच घड्याळाचा आकडा आणि छातीतला भाता यांचा काही संबंध उरला नाही. बांधावर उडी घेतली की लय मोडते, ती जुळून येईपर्यंत पुढचा बांध समोर असतो. चढावर ७:३०, उतारावर ५:१५, आणि मेहनत मात्र दोन्हीकडे सारखीच. तिथे पेसवर पळता येत नाही, दमावर पळावं लागतं. आपला दम किती आहे आणि तो अजून किती वेळ पुरवायचा आहे, एवढंच बघायचं. म्हणूनच या खेळात जागतिक विक्रम नोंदवत नाहीत. प्रत्येक माळ वेगळा, वेळेची तुलना कशाशी करणार?

दुसरी गोष्ट संघाची. जागतिक क्रॉस-कंट्री स्पर्धा १९७३ पासून होते. तिथे संघातले सहा जण धावतात आणि पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते. ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो संघ जिंकतो. आमच्या त्या शर्यतीतही हाच नियम होता, आणि मी आमच्या क्लबची चौथी होते. शेवटच्या फेरीला बांधापलीकडे आमचे सर उभे होते. ते वेळ सांगत नव्हते, फक्त ओरडले, “ताई, पुढच्या दोघी आपल्या नाहीत!” त्या दोघींना ओलांडलं की संघाचे दोन गुण कमी होणार होते. मी त्याआधी कितीतरी शर्यती धावले होते, पण दुसऱ्यांसाठी पाय ओढत नेण्याची वेळ कधी आली नव्हती. एकीला ओढ्याच्या चढावर गाठलं, दुसरी राहिली. संघ तिसरा आला. त्या दिवशी किती मिनिटं लागली ते मला आज आठवत नाही, क्रमांक मात्र पक्का आठवतो: एकतिसावा.

आता याचा मॅरेथॉनशी संबंध. मुंबईला परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तोही तीस किलोमीटर ओलांडल्यावर. तोवर शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंच्या इंधनाचा, साठा बराच संपलेला असतो, मांड्या जड झालेल्या असतात आणि ऊन वर आलेलं असतं. तुमच्या हाफवरून बघितलं तर पहिल्या फुलला साडेचार तासांच्या आसपास धरा, म्हणजे सरासरी ६:२४ चा पेस. पहाटे पाचला निघालात तर शेवटचा तास पूर्ण उन्हात. ज्यांनी फक्त सपाट रस्त्यावर घड्याळ बघून तयारी केलेली असते ते त्या चढावरही ६:२४ राखायला जातात आणि वर पोहोचेपर्यंत संपतात. मुरबाडच्या ओढ्यानं मला शिकवलं की चढावर मेहनत तीच ठेवायची आणि वेळ जाऊ द्यायची. उतारावर ती आपोआप थोडी परत मिळते. मी सगळ्यात चांगली मॅरेथॉन धावले त्या वर्षी पेडर रोडवर घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही.

शिवाय घोटे. ओबडधोबड जमिनीवर पाऊल दर वेळी वेगळं पडतं, त्यानं घोट्याभोवतीचे आणि कुल्ल्याचे ते छोटे स्नायू कामाला लागतात जे काँक्रीटवर झोपलेले असतात. आपल्याच साताऱ्याच्या, माण तालुक्यातल्या ललिता बाबरचं उदाहरण घ्या. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत ती पहिली येत होती, आणि पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावून दहावी आली. स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. रस्त्यावरचा दम आणि उडीनंतर लय पुन्हा पकडणारे पाय एकाच शरीरात नांदू शकतात, एवढं त्यातून कळतं.

पण हे सगळं जमतं ते क्रॉस-कंट्री कशाच्या तरी जागी धावली तर. ‘शिवाय’ धावली तर नाही. माझी चूक इथेच झाली. दुसऱ्या वर्षी मी रविवारी शर्यत धावले आणि ‘लाँग रन बुडाला’ या धास्तीनं मंगळवारी पहाटे, कामावर जायच्या आधी, २८ किलोमीटर काढले. अठराव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत चटका बसला. थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. पुढचे सतरा दिवस पळता आलं नाही आणि जानेवारीत शेवटचे नऊ किलोमीटर चालत काढले. बांधावरच्या उड्या आणि उतार यांनी स्नायूंना बारीक इजा होतेच, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखते, आणि नेमकी त्याच वेळी मी सगळ्यात लांब पळायला गेले होते.

म्हणून तुमचा डिसेंबर असा लावा. नोव्हेंबरअखेर २४ ते २६ किलोमीटरचा एक लाँग रन झालेला असू द्या. पहिल्या रविवारी शर्यत: आधी तीन किलोमीटर सावकाश, नंतर दोन, बस. त्या आठवड्यातले बुधवारचे इंटरव्हल (मध्ये दम घेत पळायचे वेगवान तुकडे) काढून टाका, कारण शर्यत हेच तुमचं वेगाचं काम आहे. शर्यतीनंतर दोन दिवस फक्त चाला, गुरुवारी आठ किलोमीटर इझी. दुसऱ्या रविवारी २८, तिसऱ्या रविवारी २२ पुरेत. शेवटच्या रविवारी ३० ते ३२. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन म्हणजे तो रविवार बरोबर तीन आठवडे आधीचा, आणि सगळ्यात लांब रनची जागा तीच. त्याच दिवशी तुमची दुसरी शर्यत आहे. एकाच रविवारी दोन्ही होणार नाहीत, आणि तुमची पहिली फुल आहे, तेव्हा ३० किलोमीटरला पर्याय नाही. दोन-तीन फुल झालेल्या माणसाला मी वेगळं सांगितलं असतं.

सरावाच्या जागा तुमच्या हाताशी आहेत. चढासाठी ठाण्यातल्या उपवनहून येऊरचा डोंगर. डांबरी रस्त्यानंच वर जा, उजाडल्यावर जा आणि एकटे जाऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचा वावर आहे. पायवाट दिसली म्हणून आत शिरणं चुकीचं आहे, तुमच्यासाठीही आणि जंगलासाठीही. माती हवी तर कुठलंही शाळेचं मैदान चालेल, आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं त्याच्या कडेकडेनं पळा. घोडबंदर रोडवर लाँग रन करू नका, तिथली धूळ आणि अवजड गाड्या पहाटेही असतात. त्यापेक्षा ट्रान्स-हार्बर लोकलनं नेरुळ गाठा आणि पाम बीच रोड घ्या. वाशी ते बेलापूर साधारण दहा किलोमीटर, सपाट, मॅरेथॉनचा पेस पायात बसवायला याहून बरी जागा आपल्याकडे नाही. हिवाळ्यात खाडीच्या बाजूला फ्लेमिंगो दिसतात, तेवढ्यासाठी दोन मिनिटं थांबलात तरी काही बिघडत नाही.

स्पाइक्स (तळव्याला खिळे असलेले बूट) विकत घेऊ नका. ते ओल्या गवतासाठी आणि चिखलासाठी; आपल्याकडची डिसेंबरची जमीन कडक असते, तिथे ते तळव्याला मार देतात. साधे ट्रेलचे बूट पुरतात, नाडी मात्र दुहेरी गाठ मारून बांधा.

आणि उन्हाला कमी लेखू नका. क्रॉस-कंट्री एकेकाळी ऑलिंपिकमध्ये होती. १९२४ च्या पॅरिसमध्ये ती भर जुलैच्या भयंकर उन्हात धावली गेली, ३८ जण सुटले आणि १५ जणच शेवटपर्यंत पोहोचले. फिनलंडचा धावपटू पावो नुर्मी जिंकला, पण त्यानंतर ऑलिंपिकमधून हा प्रकारच बंद झाला. आपला डिसेंबर पॅरिसच्या त्या जुलैइतका वाईट नाही, तरी माळावर सावली नसते आणि शर्यत सुटायला बरेचदा नऊ वाजतात. आदल्या दिवसापासून पाणी नीट प्या, सकाळी मीठ-साखर-लिंबाचं पाणी आणि दोन खजूर. पोटभर पोहे शर्यतीनंतर.

राहता राहिला क्लब. दुसरी शर्यत धावणार नाही हे कॅप्टनला आजच सांगा, शेवटच्या आठवड्यात नको. सहा जणांत एक कमी पडला तर चौघांचा हिशोब डळमळतो, आणि तुमच्या जागी येणाऱ्यालाही मातीवर चार आठवडे पळून घ्यायला हवं. शक्य असेल तर त्या रविवारी तुमचे ३० किलोमीटर पहाटे लवकर उरका आणि शर्यतीच्या जागी जा. शेवटच्या फेरीला बांधापलीकडे उभं राहून पुढे कोण आहे ते ओरडून सांगणारं माणूस आमच्या क्लबला दर वर्षी कमी पडतं, तुमच्याही पडत असेल.