तारीख तीच, पण दिवस कुठला? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दिनविशेषाचं पान छापलं आणि पत्रांचा पाऊसच पडला, त्यातली निम्मी चुका काढणारी आणि उरलेली आपापसातली भांडणं आमच्याकडे सोडवायला पाठवलेली. सगळी घेणं शक्य नाही, पाच घेतोय.

प्रश्न : २४ डिसेंबरच्या चौकटीत तुम्ही साने गुरुजी, मोहम्मद रफी आणि वास्को द गामा असे तिघे एकत्र बसवलेत आणि वर लिहिलंत की गामा गेला त्याला बरोब्बर ४०० वर्षं झाली त्याच दिवशी रफी जन्मला. मी ते शाळेच्या फळ्यावर लिहिलं तर इतिहासाच्या सरांनी पुसायला लावलं. कोण बरोबर? (एक शिक्षिका, दापोली तालुका)

सर बरोबर. 'बरोब्बर' हा शब्द माझा होता आणि तोच नडला. साने गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९, पालगडचा, म्हणजे तुमच्याच तालुक्यातला, त्यात काही वाद नाही. रफीसाहेब २४ डिसेंबर १९२४, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंगचे, तेही ठीक. घोळ आहे तो गामाचा. तो कोचीला वारला २४ डिसेंबर १५२४ ला, पण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली. त्यात वर्ष धरलेलं ३६५ दिवस ६ तासांचं आणि खरं वर्ष त्याहून साधारण ११ मिनिटांनी लहान, आता ११ मिनिटांनी काय होतंय असं वाटतं, पण इ.स. ३२५ पासून (पोपने हिशोब त्या सालच्या ख्रिस्ती धर्मसभेपासून धरला) मोजलं तर साचून साचून १० दिवस झाले, मग १५८२ मध्ये तेराव्या पोप ग्रेगरीने ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर करून टाकला. आजच्या कॅलेंडरात बसवलं तर गामाचा मृत्यू जातो ३ जानेवारी १५२५ वर. वर्षसुद्धा बदललं! पुस्तकांत २४ डिसेंबरच छापतात, त्यामुळे फळ्यावर राहू दे त्याला, फक्त 'बरोब्बर' पुसा.

आणि अगदी मोजून-मापून जुळणारं काही हवंच असेल तर ते आमच्याकडून सुटलं होतं. २४ डिसेंबर १९९९, गुरुजींच्या जन्माला १०० वर्षं पुरी झाली तो दिवस, त्याच दिवशी काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ विमान पळवलं गेलं. सगळी टीव्हीसमोर बसलेली, त्या दिवशी पालगडची आठवण कोणाला असणार.

प्रश्न : रायगडावर ६ जूनला राज्याभिषेक दिन होतो आणि तिथीने परत ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. आमच्या वाडीत त्यावरून दोन गट पडलेत. खरी तारीख खयची ता एकदाच सांगून टाका. (एक वाचक, मालवण)

सांगतो, पण तुमचं भांडण मिटणार नाही, उलट वाढेल. राज्याभिषेक झाला शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. गडावरच्या माणसांसाठी तो दिवस तेवढाच, त्यांना जून-बिन माहीत असायचं कारण नव्हतं. ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजी हिशोबाची, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन तेव्हा रायगडावर हजर होता. आणि इंग्रजांनी पोपचं नवीन कॅलेंडर १७५२ पर्यंत घेतलंच नव्हतं, पोपचं कशाला ऐकायचं म्हणून. पोर्तुगीज मात्र कॅथलिक, त्यांनी ते आधीच घेतलेलं. म्हणजे बघा, मुंबई बेटावर इंग्रज ६ जून म्हणत होते तेव्हा खाडीपलीकडे वसईच्या किल्ल्यात आणि खाली चौलला पोर्तुगीजांकडे १६ जून चालू होता. एकच किनारा, एकच पाऊस, आणि तारखेत १० दिवसांचा फरक, मचव्यातून दोन-चार तास गेलं की माणूस दहा दिवस पुढे!

शिवजयंतीचंही तेच, १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे आजच्या कॅलेंडरात १ मार्च. हे वाचून तिसरा गट काढू नका म्हणजे झालं. ६ जून लोकांच्या अंगवळणी पडलाय, तिथीचा उत्सवही जोरात होतो, दोन्हीला जावं असं माझं मत. ज्येष्ठात गडावर धुकं मिळालं तर वेगळीच मजा.

प्रश्न : आमच्या वर्गात ४० जण आहेत आणि दोन जोड्यांचे वाढदिवस एकाच तारखेला येतात. यात ग्रहांचं काही असतं का? (बारावी, चिपळूण)

नाही रे बाळा, गणिताचं असतं. २३ जण जमले की दोघांचा वाढदिवस एक असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते, ४० असतील तर जवळपास ८९ टक्के. कारण ४० जणांत दोघादोघांच्या जोड्या ७८० होतात. जोडी निघाली नसती तर मी म्हटलं असतं पत्र पाठव.

प्रश्न : १ ऑगस्टला शाळेत टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठेंची जयंती एकदम असते. ही पण कॅलेंडरचीच गंमत का? (एक पालक, रत्नागिरी)

ही नाही, इथे खरोखरच दिवस एक आहे, १ ऑगस्ट १९२०. टिळक मुंबईत सरदारगृहात वारले आणि त्याच तारखेला तिकडे वाटेगावात अण्णाभाऊ जन्मले. असं फार क्वचित सापडतं, एरवी दिनविशेषात आपण तारीख पकडतो आणि मधली शंभर-दोनशे वर्षं गिळून टाकतो. जन्मतारखेचं तसंच आहे, टिळक २३ जुलै १८५६, तुमच्या रत्नागिरीतच, आणि चंद्रशेखर आझाद २३ जुलै १९०६, मध्ये पन्नास वर्षं. त्याच तारखेला १९२७ साली मुंबईचं रेडिओ केंद्रही सुरू झालं.

पण टिळकांचं नाव काढलंत म्हणून एक सांगायलाच हवं. पंचांग आकाशाशी जुळत नाही म्हणून ते सुधारायला निघालेल्या मंडळींत टिळक पुढे होते, आणि त्यातून आलेलं टिळक पंचांग आपल्या कोकणात काही घरांत अजून चालतं. त्यात राशीचक्राची सुरुवात वेगळ्या ठिकाणी धरतात, म्हणून मकरसंक्रांत १४ च्या ऐवजी १० जानेवारीला येते, आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाच वेगळा पडतो, मग एका घरातला गणपती विसर्जन होऊन महिना होतो तेव्हा शेजारच्या घरात मखर बांधायला घेतात. तेव्हा तारखेत घोळ असतो आणि तिथी पक्की, असंही काही नाही हो मालवणकर.

प्रश्न : आमचे आजोबा दिघीकडचे. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४७. पण पणजी सांगायची की 'रामदास' बुडाली त्या साली नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी हा झाला, आणि तिचा सोमवारचा उपास होता. खरी तारीख काढून द्याल का? (एक नातू, श्रीवर्धन)

तुमचं पत्र मुद्दाम शेवटी ठेवलं.

आधी ते १ जून. शाळेत नाव घालताना तारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहून मोकळे व्हायचे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या त्या पिढीत अर्धा गाव एकाच दिवशी जन्मलेला. त्या दिवसाला एसटीचाही वाढदिवस असतो, पहिली बस १ जून १९४८ ला नगर-पुणे धावली, आणि आता मासेमारी बंदी पण १ जूनपासूनच लागते. पण तुमच्या आजोबांचा दाखला रामदासच्याही दीड महिना आधीचा आहे, म्हणजे तो नक्की चूक.

रामदास बोट बुडाली गुरुवारी, १७ जुलै १९४७ ला. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेच्या वर माणसं गेली. गटारीसाठी घरी निघालेले कितीतरी होते त्यात. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे येत होते, त्यांनी मासळी पाण्यात ओतून माणसं वर घेतली असं सांगतात. (त्याच १७ जुलैला १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं, आम्ही ते रामदासच्या खालच्याच ओळीत छापलं होतं, छापून आल्यावर वाचताना बरं नाही वाटलं.) रेवस-अलिबागकडे जुनी माणसं १७ जुलै म्हणत नाहीत, गटारी म्हणतात, कारण समुद्रावरचा माणूस तिथीनेच चालतो. तिथीला पाऊणाने गुणलं की भरतीची वेळ, अष्टमीला सहा, आणि अमावास्येला उधाण. ती गटारी आणि १७ जुलै दर १९ वर्षांनी पुन्हा जवळ येतात, कारण १९ वर्षांत चांद्रमहिने जवळजवळ पूर्ण २३५ बसतात. २०२३ ला १७ जुलैलाच आषाढ अमावास्या होती, बरोबर ७६ वर्षांनी. (इथे 'बरोबर' लिहायला हरकत नाही, मोजलंय.)

आता आजोबा. रामदासनंतरची पहिली पौर्णिमा येते २ ऑगस्टला, घाईत कोणीही तीच नारळी पुनव धरेल. पण दुसरा दिवस निघतो रविवार, पणजीचा उपास जुळत नाही. कारण त्या वर्षी अधिक श्रावण होता, आपला १५ ऑगस्टसुद्धा त्या अधिकातलाच. सण निज श्रावणात, म्हणजे नारळी पौर्णिमा ३१ ऑगस्टला, रविवारी. दुसरा दिवस १ सप्टेंबर १९४७, वार सोमवार, श्रावणी सोमवार. पणजीचं एकूण एक खरं निघालं.

तारखेने करायचा तर वाढदिवस १ सप्टेंबर, एलआयसीचाही तोच, १९५६ चा. तिथीने करायचा तर श्रावण वद्य प्रतिपदा. पेन्शनच्या कागदावर मात्र १ जूनच राहू द्या, ते बदलायला गेलात तर पुढची नारळी पुनव ऑफिसच्या बाकावर जाईल.