नव्या मालिकांतून बघायच्या कोणत्या, हे मी कसं ठरवते

तुमचा प्रश्न असा: सगळ्या मराठी वाहिन्यांवर एकदम नव्या मालिका सुरू होतायत, तुम्हाला संध्याकाळी साडेसात ते साडेआठ एवढाच वेळ मिळतो, सोबत सासूबाई आणि आठवीतली मुलगी असते. मग कोणती धरायची, कोणती सोडायची?

मी गोव्यातल्या फोंड्याची. घरात बोलणं कोकणीत आणि टीव्ही मराठीत, असं आमच्याकडच्या बऱ्याच घरांत चालतं. मालिका हा आमच्या घरातला रोजचा, जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे मला जे खरंच उपयोगी पडतं तेच सांगते.

प्रोमो बघून काहीही ठरवू नका. पहिला आठवडासुद्धा फारसा मोजू नका. पहिल्या आठवड्यात पैसा आणि मेहनत दोन्ही ओतलेली असते: बाहेरचं चित्रीकरण, जत्रा, लग्नाचा मांडव, शंभर माणसं. तिसऱ्या आठवड्यापासून गोष्ट दिवाणखान्यात येऊन बसते. तोच सोफा, तोच जिना, तीच जेवणाची टेबलं. आता लेखकाच्या हातात माणसांच्या बोलण्याशिवाय काही उरत नाही आणि मालिकेत दम आहे की नाही ते तिथे कळतं. म्हणून नवी मालिका सुरू झाली की सुरुवातीचा एखादा भाग बघायचा, मग थेट तिसऱ्या आठवड्यातले दोन-तीन भाग सलग बघायचे. झी मराठीचे भाग झी फाइव्हवर आणि स्टार प्रवाह, कलर्स मराठीचे जिओहॉटस्टारवर मिळतात, त्यामुळे हे अवघड नाही. अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटांचा ऐवज असतो. एका सुट्टीच्या दुपारी तीन मालिका तपासून होतात.

तपासायचं काय? मी दोन गोष्टी बघते.

पहिली गोष्ट मला आईमुळे कळली. संध्याकाळी ती अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, करायला बसते. मांडीवर फुलांचं ताट, पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा, नजर पूर्ण फुलांवर. टीव्हीकडे ती क्वचितच मान वर करून बघते. पण संवाद चांगला असला की तिचे हात थांबतात. दोन-दोन फुलं बोटांत धरून ती ऐकत राहते. बऱ्याच मालिका कानांसाठीच लिहिलेल्या असतात, कारण बघणारी बाई त्या वेळी स्वयंपाकघरात असते हे लिहिणाऱ्यांना ठाऊक असतं. म्हणून तर घडलेली गोष्ट एक पात्र दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला. तेव्हा दहा मिनिटं टीव्हीकडे पाठ करून बसा आणि नुसतं ऐका. सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलतायत असं वाटलं, तर ती मालिका सोडा. सासू, नणंद, दुकानदार आणि कॉलेजातली मुलगी प्रत्येक जण आपापल्या तोंडाने बोलत असेल, तर धरा. श्रेयनामावलीत पटकथा आणि संवाद यांची नावं वेगवेगळी येतात. आवडलेल्या जुन्या मालिकेच्या संवादलेखकाचं नाव नव्या मालिकेत दिसलं, तर माझ्या लेखी ते नायक-नायिकेच्या चेहऱ्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र.

दुसरी गोष्ट म्हणजे घरातली कामवाली, ड्रायव्हर, शेजारीण. त्यांना नाव आहे का? त्यांचं स्वतःचं काही दुखणं-खुपणं आहे का? की ट्रे घेऊन यायचं, भांडण ऐकायचं आणि डोळे मोठे करायचे एवढंच काम? ज्या लेखकाला ट्रे आणणाऱ्या बाईबद्दल कुतूहल आहे, तो नायिकेलाही नुसतं रडत ठेवत नाही, असा माझा पक्का अनुभव आहे.

आता रिमेकबद्दल, कारण नव्या मालिकांत ते बरेच असतात. मूळ मालिका बंगाली किंवा तमिळ आहे हे कळलं की गोष्ट कुठे जाणार याचा अंदाज येतो. पण किती लांबणार याचा येत नाही. ‘आई कुठे काय करते’ ही ‘श्रीमयी’ या बंगाली मालिकेवरून केलेली. दोन्ही २०१९ मध्ये सुरू झाल्या. बंगाली २०२१ च्या डिसेंबरात संपली, मराठी २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली. म्हणजे मूळ गोष्ट संपल्यावरही आपल्याकडे तीन वर्षं नवी गोष्ट रचत राहावी लागली. त्याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली. ठरलेली गोष्ट सांगून उठलेली मालिका लोक अजून प्रेमाने आठवतात. मला अशा मालिका जास्त आवडतात, आणि वाहिनीने ‘मर्यादित भागांची’ असं जाहीर केलं असेल तर मी ती आधी बघते.

टीआरपीची यादी मात्र निवडीसाठी वापरू नका. कोणता कार्यक्रम किती बघितला जातो हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात. त्यात महाराष्ट्र आणि गोवा हा एकच बाजार धरतात, आणि मोजणीची यंत्रं देशभरात मिळून ५८ हजारांच्या आसपास घरांतच आहेत. लातूर, नाशिक आणि आपली गोव्यातली सत्तरी यांची आवड एकाच आकड्यात बसवलेली असते, तुमच्या घरातल्या तिघींची आवड त्यात कुठून दिसणार? त्या आकड्यांचा उपयोग एवढाच की मालिकेचं आयुष्य किती ते कळतं. आकडे घसरले की वेळ बदलते. ‘आई कुठे काय करते’ संध्याकाळच्या साडेसातवरून दुपारी अडीचला गेली आणि त्याच वर्षी संपली. वेळ बदललेली मालिका नव्याने धरू नये असं माझं मत.

गोष्टीला कधीकधी लेखकाच्याही हातात नसलेलं वळण मिळतं, हेही ध्यानात असू द्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनामुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं, तेव्हा कितीतरी मराठी मालिकांची युनिटं इकडे गोव्यात आली. कथानकं एका रात्रीत बंगल्यांत आणि माडांच्या बागांत हलली. मे महिन्यात इथल्या परवानग्याही मागे घेतल्या गेल्या आणि सगळ्यांना गाशा गुंडाळावा लागला. त्या दिवसांत पात्रं अचानक घराबाहेर का पडली याचं कारण कथेत शोधून सापडलं नसतं. अशा वेळी ज्या मालिका तोल सांभाळून राहिल्या, त्यांच्या लेखकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

गावाकडची, आपल्या बाजूची गोष्ट असेल तर मी जरा जास्त संधी देते. ‘रात्रीस खेळ चाले’ आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या आकेरीला, खऱ्या वाड्यात चित्रित झाली. तिथली माजघरं, तिथला पाऊस, तिथलं मालवणी आम्हाला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. सेटवर उभारलेल्या कोकणात ही गोष्ट येत नाही. पण तुमची मुलगी घाबरट असेल तर भुताखेतांची मालिका साडेआठच्या आतही नको.

आता तुमच्या तासाचं. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाते, आणि डिशची छत्री असेल तर मुसळधार पावसात चित्र गोठतंच. पुढे चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, आली की आठवडाभर टीव्हीसमोर बसायला कोणाला सवड नसते. म्हणून जुलैत सुरू होणाऱ्या दोन मालिका रोज बघायच्या असा बेत आखूच नका. रोजची एकच धरा, आणि ती सासूबाईंना निवडू दे, कारण दुसऱ्या दिवशी तिच्याबद्दल बोलायला त्यांनाच सर्वांत जास्त वेळ असतो. उरलेला अर्धा तास मुलीला द्या. तिने गाण्याचा किंवा विनोदाचा कार्यक्रम लावला तरी चालेल, त्यातला एखादा भाग चुकला तरी काही अडत नाही. तुमची स्वतःची आवडती मालिका मोबाइलवर, रविवारी, दोन-तीन भाग एकदम. तिसऱ्या आठवड्याची तपासणीही त्याच वेळी करून टाका.

आणि मध्येच सोडावीशी वाटली तर? नायिकेचा स्मृतिभ्रंश, हुबेहूब दिसणारी दुसरी बाई, किंवा अचानक सहा वर्षांचा लीप, यांतलं काही आलं आणि त्यानंतरच्या आठवड्यात सासूबाईंनी एकदाही ‘काल काय झालं’ असं विचारलं नाही, की खुशाल सोडा. विचारलं तर अजून महिनाभर राहू द्या.